वाटीच्या खाली दोन बोटं

४ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. सगळे ठीक आहेत. फोन सोडून हा पत्र कधीपासून लिहायला लागला, असं वाटेल. कारण किरकोळ आहे.

इथे शाळेची फरशी बसवायचं काम घेतलंय, अकरा वर्ग आणि एक लांबच लांब व्हरांडा. माझ्या हाताखाली एक गडी आहे. त्याचा पाय चालताना अडखळतो. मी त्याला म्हटलं, माझ्या दादाचं असंच सुरू झालं होतं, पण नीट आठवत नाही, वहिनींना विचारून सांगतो. तर दादाचं पहिल्यांदा काय दिसलं, कोणत्या पायात, डॉक्टरांनी काय काय केलं आणि तिथून पुढे किती दिवस गेले, एवढं लिहा. ही समोर असली की दादाचा विषय काढता येत नाही, लगेच पदर डोळ्यांना.

उत्तर घरी नको, शाळेच्या पत्त्यावर पाठवा. दिवसभर मी तिथेच असतो.

चिंगी मजेत. बापापेक्षा दोन बोटं उंच झाली आहे आणि ते दिवसातून एकदा सांगते.

तुमचा धाकटा दीर


९ फेब्रुवारी

भाऊजी,

फोनवर तुम्ही ‘बरंय, ठेवू का’ म्हणून मोकळे होता. त्यामुळे पाकीट बघून बरं वाटलं. वाचल्यावर वाटेनासं झालं.

तुमच्या गड्यासाठी लिहिते. पहिलं चिन्ह उंबरठा. उजव्या पायाचा अंगठा त्याला अडकायचा. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. मी हसले होते. ‘वीस वर्षं तोच उंबरठा आहे, कुणी हलवलाय का?’ असं म्हटलं होतं. ते वाक्य मला अजून परत घेता आलेलं नाही. मग दुसरा पाय, मग शर्टाची बटणं लागेनात. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ह्यांना उंच टेबलावर बसवलं आणि गुडघ्यावर लहानशा रबरी हातोडीनं मारलं. डावा, उजवा. पाय हलला नाही. टाचेच्या वर मागून मारलं, तिथेही नाही. डॉक्टरांनी हातोडी हळूच टेबलावर ठेवली. माणूस हत्यार कसं खाली ठेवतो त्यावरून काम कसं झालंय ते कळतं, हे मी तुम्हाला काय सांगू.

त्या दिवसापासून पंचवीस महिने.

हा आजार घराण्यात उतरतो का, असंही मी तेव्हा विचारलं होतं. उतरतोही आणि नाहीही, आत्ता सांगता येत नाही, असं म्हणाले होते.

आता तुमच्या गड्याबद्दल. तो शाळेच्या पत्त्यावर उत्तर मागतो आणि बायकोपासून लपवतो. भला गडी आहे. त्याला विचारा, पाय कोणता, आणि डॉक्टरला दाखवला का. आणि मला खोटं सांगू नको म्हणावं. ‘आज जरा बरं वाटतंय’ हे मी पंचवीस महिने ऐकलं आहे. आता कान किटले.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

तुम्ही फरशीच्या दुकानात नमुने दाखवत बसता, तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं.

गडी मीच. डावा पाय. तीन आठवडे झाले. पाऊल वर उचलायला गेलं की पुढचा भाग लोंबतो. पायरीला अडकतो, चालताना चप्पल फटक फटक वाजते. हिला म्हटलं, चप्पल सैल झालीय. हिनं नवी आणली. आता नवी वाजते.

डॉक्टरकडे गेलो नाही. जाणारही नाही. गेलो तर हातोडी खाली ठेवतील, एवढंच ना? ते मी घरीच करून पाहिलं. दादाला तपासलं तेव्हा मी दारात होतो, तुमच्या खांद्यामागे. मला डॉक्टरांचा हात खाली-वर होताना दिसला आणि दादाचा पाय तसाच लटकलेला. रविवारी न्हाणीघराचं दार लावून आपला फरशीचा रबरी हातोडा घेतला आणि गुडघा तपासला. फरशी तपासतो तसाच, आधी मधोमध, मग कडेकडेनं. आवाज भरीव. कुठे पोकळ नाही. पण पाय ढिम्म. दुसऱ्या पायाचंही तेच. दहा दहा वेळा ठोकलं. मग तिथेच बसून राहिलो. बाहेरून ही म्हणाली, पाणी संपलं का?

आता खरं कारण सांगतो. चिंगीला लांबच्या शहरात इमारतींचे नकाशे काढायच्या अभ्यासाला प्रवेश मिळालाय. पाच मार्चपर्यंत होकाराचं पत्र टाकायचं. मी नाही म्हणणार आहे. दादाला तुम्ही एकटीनं कसं उचललंत ते मी पाहिलंय. हिच्याच्यानं ते व्हायचं नाही, हिचं वजन ते काय. पोर घरात हवी. तिला कारण सांगणार नाही. ‘एवढ्या लांब कशाला’ एवढंच म्हणेन. तिच्या लेखी मी वाईट ठरेन. ठरू दे.

तुम्ही कुणाला सांगायचं नाही. शब्द द्या.


१९ फेब्रुवारी

भाऊजी,

शब्द दिला. मनाविरुद्ध दिला, हेही लिहून ठेवते.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी काही दिसलं नाही, डोळेच भरलेले होते. चौथ्या वेळी एक गोष्ट खटकली. तुमचा अडखळतो डावा पाय. ठोकून ‘ढिम्म’ निघाले दोन्ही. मग उजवा का अडखळत नाही?

दुसरी गोष्ट. तुम्ही लिहिता, आवाज भरीव. भाऊजी, आवाज कशाला ऐकत होता?

वाचनालयात गेले. तुम्हाला माहीत आहे, मी चौथीनंतर शाळा सोडली. ह्यांच्या आजारपणात उशाशी बसून पुस्तकं वाचायची सवय लागली ती राहिली. अवघड शब्द आला की वहीत लिहून घेते, आणि तीन पानांनी त्याचा अर्थ आपोआप कळतो, नाही कळला तर ग्रंथपाल बाईंना विचारते. त्यांनी शरीरशास्त्राचं जाड पुस्तक काढून दिलं. त्यात असं आहे.

गुडघ्याची वाटी म्हणजे हाड. त्या वाटीच्या खाली एक जाड पट्टा असतो, वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत ताणलेला. पुस्तकात त्याला कंडरा म्हणतात, मी आपली दोरी म्हणते. मारायचं ते त्या दोरीवर. दोरी दबली की मांडीचा मोठा स्नायू क्षणभर ताणला जातो. ‘ताणलो’ अशी वर्दी नसेतून पाठीच्या कण्यात जाते आणि ‘मग आखड’ असा हुकूम तिथूनच परत येतो. डोक्यापर्यंत विचारायला कुणी जात नाही. आपल्या घरी भांडणाचं उत्तर देतात तसं, विचार न करता. मांडी आखडते आणि पाय उडतो. वर्दी नेणारी किंवा हुकूम आणणारी नस बिघडली असेल तर उडत नाही. डॉक्टर तेवढंच बघतात, रस्ता जाता-येता चालू आहे का.

तुम्ही मारलंत वाटीवर. हाड ते हाड. फरशी मधोमध ठोकायची आणि कान द्यायचा, ही तीस वर्षांची सवय. दोरीवर मारलं तर वाजत नाही भाऊजी. जे वाजलं ते चुकीचं होतं.

खात्री करायची म्हणून बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्यावर करा. पुस्तकांच्या उंच घोडीवर बसल्या, पाय सोडून. मीही पहिला फटका वाटीवरच मारला. माझाही हात तुमच्याच घरात तयार झालाय ना. काही नाही. मग वाटीच्या खाली दोन बोटं, तळहाताच्या कडेनं. पाय असा उडाला की त्यांची चप्पल वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली गेली. वाचनालयात हसायला मनाई आहे. ती पाटी बाईंनी स्वतः लावलेली. दोघी हसलो.

तेव्हा पुन्हा करा. आणि खरं तर हे काम डॉक्टरांचं आहे. आधी जा, मग चिंगीला काय सांगायचं ते सांगा.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

केलं. बादली पालथी घालून बसलो, पाय जमिनीवर घट्ट रोवले, वाटीच्या खाली बरोबर दोन बोटं मोजून खूण केली, पेन्सिलीनं. नजर गुडघ्यावरून हलवली नाही. श्वास रोखून मारलं. डावा नाही. उजवाही नाही. हातोडा आपला जड, गुडघे काळेनिळे झाले, तेवढंच हाती आलं.

तुमच्या बाई घोडीवर बसून हसल्या असतील. माझं तसं नाही.

आता पुस्तकं पुरे. पुस्तकांनी दादाला वाचवलं नाही. तुम्ही पुढे लिहू नका. चिंगीला काल सांगितलं. तिनं नकाशाची गुंडाळी कपाटावर टाकली आणि दार लावून घेतलं.

दिलेला शब्द लक्षात ठेवा.


२८ फेब्रुवारी

जाऊबाई,

मला लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. घरात काय चाललंय ते माझ्या डोक्यात शिरत नाही.

चिंगीला ह्यांनी जायला नाही म्हटलं. कारण विचारलं तर ‘लांब आहे’. अहो, लांब आहे ते अर्ज भरला तेव्हाही लांबच होतं, शहर काय चालत पुढे गेलं? चिंगी बापाशी बोलत नाही. जेवायला बसली की माझ्यामार्फत बोलतात. ‘बाबांना सांग मीठ दे.’ मीठ दोघांच्या मध्ये असतं.

काल न्हाणीघरातून ठक ठक ऐकू आली. मला वाटलं, फरशी बसवतायत. दार ढकललं तर हे पालथ्या बादलीवर, पँट मांडीपर्यंत वर, गुडघे वांग्यासारखे जांभळे, हातात हातोडा. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे, फरशी तपासतोय. मी म्हटलं, फरशी खाली असते, तुम्ही वर काय तपासताय! उठले आणि निघून गेले. जाताना पाय ओढत गेले. गुडघा सुजवून घेतल्यावर दुसरं काय होणार.

कपडे धुताना खिशात तुमच्या अक्षरातलं पाकीट सापडलं. रिकामं. शाळेच्या पत्त्यावरचं. जाऊबाई, मी रात्रभर विचार केला आणि मला एकच कळलं. तुम्हालाच काहीतरी झालंय. दादांसारखं. आणि तुम्ही मला सांगू नका म्हणून ह्यांना बजावलंय, आणि त्या काळजीनं ह्यांचं डोकं फिरलंय. असं असेल तर तुम्ही सरळ इकडे या. मी आहे. मागच्या वेळी मी चिंगीची शाळा पुढे करून लांब राहिले, ते माझ्या मनाला लागलेलं आहे. आता राहणार नाही.

खरं काय ते कळवा.

तुमची धाकटी जाऊ


२ मार्च (कुरिअरनं)

धाकटे,

मला काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. पण तू लिहिलंस ते वाचून दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना मला खाली बसावं लागलं. ‘मी आहे’ हे मला त्या वेळी हवं होतं, आणि मी मागितलं नव्हतं. तेव्हा तू ते मनाला लावून घेऊ नकोस.

आता मी भाऊजींना दिलेला शब्द मोडते. वाईट काम आहे, पण न मोडणं त्याहून वाईट.

त्यांचा डावा पाय महिनाभर अडखळतोय. गुडघा सुजल्यामुळे नाही, आधीपासून. दादांचा आजार आपल्याला झाला असं त्यांनी धरून ठेवलंय. तू एकटी पडशील म्हणून चिंगीला ठेवून घेतायत. न्हाणीघरात ते फरशी नाही, स्वतःला तपासत होते.

रडू नकोस. रडायचं असेल तर हे वाचून झाल्यावर. मला वाटतं ते चुकीचं तपासतायत. आधी जागा चुकली, ती मी सांगितली. पण पुढच्या पत्रात त्यांनी लिहिलं, पाय जमिनीवर रोवले, नजर गुडघ्यावर, श्वास रोखून. असा ताठ बसलेला माणूस म्हणजे मांडी आधीच आवळलेली. आवळलेली मांडी आणखी काय आखडणार? आणि एकदा मन तिथे जाऊन बसलं की ते पायाला सुटू देत नाही. पुस्तकात हे लिहिलेलं आहे, आणि डॉक्टरही त्यावर एक युक्ती करतात. ज्याचं त्याला हे तपासता येत नाही. मारणारा दुसरा लागतो. ते दुसरं माणूस तू.

फोन केला असता, पण तुमच्या फोनपाशी भाऊजी असतात, आणि हे करताना कागद समोर हवा. असं कर:

त्यांना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसव. पाय लोंबते, जमिनीला टेकता कामा नयेत. दोन्ही हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवायला सांग, आकड्यात आकडा घालतात तशी. डोळे मिटायला सांग. मग म्हण, ‘ओढा’. हात दोन्हीकडे जोरात ओढतील त्याच क्षणी तू मार. मन हातांत गुंतलं की पाय मोकळा सुटतो. वाटीच्या खाली दोन बोटं, जिथे दाबलं तर मऊ लागतं तिथे. तो जड हातोडा नको, लपवून ठेव. रबरी काहीतरी घे, हलकं. मनगट सैल ठेवून टिचकीसारखं मार आणि लगेच हात मागे. एक हात त्यांच्या मांडीवर ठेव. पाय थोडासाच हलला तरी मांडी आखडलेली तळव्याला कळते.

दोन्ही पाय बघ. मग काहीही होवो, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे ने. पाय उडला तरी ने. आपण दोघी मिळून अर्धा डॉक्टरही होत नाही.

ते चिडतील. म्हणावं, वहिनींनी शब्द मोडला, त्यांच्यावर चिडा. मी लांब आहे.

तुझी जाऊ


४ मार्च

जाऊबाई!

उडाला!

क्रमानं सांगते. तुमचं पत्र वाचलं, रडले, तोंड धुतलं. हे संध्याकाळी आले. मी म्हटलं, ओट्यावर बसा. म्हणाले, का? मी म्हटलं, बसा. इतक्या वर्षांत मी ह्यांच्याशी अशी बोलले नव्हते. बसले.

रबरी हलकं काही सापडेना. शेवटी पायातली चप्पल काढली. ती नवी, त्यांच्यासाठी आणलेली, मीच घातली होती. ते म्हणाले, हे काय आता, चपलेनं मारणार? मी म्हटलं, हो, जाऊबाईंची परवानगी आहे. तेव्हा त्यांना कळलं. चेहरा असा पडला की माझा हातच उचलेना. म्हणाले, वहिनींनी सांगितलं? मी म्हटलं, सांगितलं आणि बरं केलं, बोटं अडकवा.

पहिला फटका चुकला. दुसऱ्याला मी ‘ओढा’ म्हणायच्या आधीच मारलं. तिसऱ्याला चिंगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आई, तू बाबांना चपलेनं मारतेयस? एवढी चिडले नव्हते गं मी, बोलते बाबांशी. तेवढ्यात हे तिच्याकडे बघायला वळले, मी ‘ओढा’ म्हटलं, ह्यांनी ओढलं आणि मी मारलं. जाऊबाई, पाय थेट माझ्या हनुवटीला! दात वाजले माझे. उजवा होता तो. मग डावा. डाव्यानं पिठाचा डबा पाडला.

हे पायाकडे बघत होते, दुसऱ्याचा असल्यासारखे. मग म्हणाले, परत मार. मी परत मारलं. मग म्हणाले, चिंगे, तू मार. तिनं मारलं. सगळीकडे पीठ. सात-आठ वेळा झाल्यावर हे रडायला लागले आणि चिंगीनं बापाला धरलं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला आधी विचारायचं तरी होतं. एवढंच.

होकाराचं पत्र आज सकाळी तिनं आणि ह्यांनी मिळून टाकलं, एक दिवस आधी. डॉक्टरकडे सोमवारी जायचंय. पाय अजून ओढतात. तो का ओढतो ते काही कळलेलं नाही. पण रात्री झोपले. घोरलेसुद्धा.

माझी हनुवटी बरी आहे.

धाकटी


१३ मार्च

वहिनी,

कान धरून लिहितोय. ‘पुस्तकांनी दादाला वाचवलं नाही’ हे मी लिहिलं. कागदावर गेलेलं पुसता येत नाही, म्हणून माफी कागदावरच मागतो.

डॉक्टर बाई तरुण आहेत, माझ्या चिंगीपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या असतील. दादाचं सगळं सांगितलं. त्यांनी गुडघे बघितले, जांभळे, आणि म्हणाल्या, हे कुणी केलं? मी म्हटलं, मी. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग त्यांची हातोडी. गुडघे दोन्ही उडाले. टाचेच्या वर मारलं, पावलं दोन्ही खाली दाबली गेली. सारखी. हातही तपासले. मग पाऊल वर उचलायला लावलं, तिथे डावं पडतं. टाचणीनं टोचत गेल्या, नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या पाठीवर मला बधिर लागतं. हे मला माहीतच नव्हतं.

मग विचारलं, काम काय करता, कसे बसता? मी खाली बसून दाखवलं. त्या म्हणाल्या, सापडलं. गुडघ्याच्या बाहेरून, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा आहे. पाऊल उचलणारी नस तिथून अगदी कातडीखालून जाते. गेल्या वर्षापासून गुडघे टेकले की दुखतात, म्हणून मी सगळं काम उकिडवं बसून करतो. शाळेत अकरा वर्ग, रोज सात-आठ तास. नस तिथे चेमटली. ती वेगळी आणि गुडघ्याच्या उडण्याची वेगळी, म्हणून पाय अडखळतो पण उडतो. नंतर नसेत बारीक वीज सोडून मोजमाप केलं, तिथेच अडतंय असं दिसलं. उकिडवं बसणं बंद. दोन-तीन महिन्यांत बहुतेक भरून येईल, थोडं राहिलं तर राहिलं. दादाच्या आजाराचं आज कुठलंही चिन्ह नाही, आणि सहा महिन्यांनी परत या, एवढं म्हणाल्या. पुढे कधीच होणार नाही असं काही लिहून देत नाहीत. मी मागितलं होतं.

बाहेर आलो आणि हिला म्हटलं, चहा पिऊ. दोन प्यालो.

वहिनी, एक विचारायचं आहे आणि विचारायला नको असंही वाटतंय. हे सगळं झाल्यापासून मनात घोळतंय. दादाला तपासताना असंच काही चुकलं असेल का? तो घाबरलेला होता. मी दारातून बघत होतो, मला नीट काही दिसलं नव्हतं. तुम्ही पुढे होतात.

भाऊजी


१८ मार्च

भाऊजी,

विचारलंत ते बरं केलं. मी हाच प्रश्न स्वतःला १९ फेब्रुवारीलाच विचारला, वाचनालयात, बाईंची चप्पल टेबलाखाली गेली तेव्हा. दोघी हसत असताना. म्हणून उत्तर माझ्याकडे तयार आहे.

नाही. चुकलं नव्हतं. मी तुमच्या पुढे उभी होते आणि मला सगळं दिसलं. मारलं ते वाटीच्या खाली. पाय लोंबते होते. एकदा मारल्यावर डॉक्टरांनी ह्यांना बोटं अडकवून ओढायला लावलं. मला तेव्हा वाटलं होतं, पायाच्या दुखण्यात हात कशाला ओढायला लावतात? ह्यांनी किती जोरात ओढलं होतं, बोटं पांढरी पडली होती. तीन वेळा केलं. मांडीवर हात ठेवून पाहिलं. त्या माणसानं हळूच हातोडी ठेवण्याआधी सगळं करून पाहिलं होतं. हे मला पुस्तक वाचल्यावर कळलं, चार वर्षांनी. पुस्तकांनी ह्यांना वाचवलं नाही हे खरं आहे. पण कुणी हयगय केली नव्हती, कुठे घाई झाली नव्हती, आणि मी तिथे काही वेगळं बोलले असते तर ते वाचले असते असंही नव्हतं, एवढं मला पुस्तकांनीच सांगितलं. मला ते हवं होतं. माफी परत घ्या, मला काही लागलेलं नाही.

धाकटीचं पत्र आलं त्या दिवशी मी दुकानातून अर्धा दिवस मागून घेतला आणि घरी येऊन रडले. पाय उडाला म्हणून. त्यात थोडं दुसरंही होतं, ते तुम्ही ओळखाल. एका घरात दोन भाऊ, एकाचा उडाला आणि एकाचा नाही. यात तुमचा काही गुन्हा नाही. तुम्ही त्याचं ओझं घेऊ नका, नस आधीच दबलेली आहे.

आता कामाचं. धाकटी फोनवर म्हणाली, चार वर्ग आणि व्हरांडा राहिलाय आणि तुम्ही ‘थोडंसं तर बसतो’ म्हणताय. बसायचं नाही. ह्यांचे हात चालेनासे झाले त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या दोन घरांच्या फरश्या मी बसवल्या होत्या. ते खुर्चीवरून ‘डावीकडे जरा खाली’ म्हणायचे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, त्यांनीच नको म्हटलं होतं. धाकट्या भावासमोर बायकोनं काम केलेलं त्यांना बरं वाटलं नसतं. आता त्यांना विचारायचं राहिलेलं नाही, आणि मला वाटतं त्यांनी हरकत घेतली नसती. माझे गुडघे चांगले आहेत, मी बघून घेतलेत. तुम्ही स्टुलावर बसा आणि ओळीची दोरी धरा. चिंगी निघायच्या आधी दोन दिवस तिला सिमेंटचा माल कालवायला ठेवू. नकाशा काढणाऱ्याला फरशीचा उतार हातानं माहीत असलेला बरा.

बुधवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टेशनवर घ्यायला येऊ नका. तिथे पायऱ्या फार आहेत.

वहिनी